आतली पुडी सोडायची नाही

ये गं, अशी जवळ ये. ती पंख्याखालची खुर्ची ओढ आणि तो फोन जरा पालथा ठेव. चार महिने तुझा पत्ता नाही, आणि आलीस तर पहिलं वाक्य काय, तर "मावशी, अजून कॉम्प्युटरवर पत्ते खेळतेस का?" पत्ते खेळायला मला वेळ कधी मिळाला? तुझ्या आईनं सांगितलं असणार. तिला अजून वाटतं की मी जळगावात लोकांचे अर्ज टाइप करून देत होते.

अर्जही केले, नाही म्हणत नाही. टायपिंगच्या क्लासातूनच मी या धंद्यात आले. पुढे कॉम्प्युटर आले, मग मांडीवर डिक्शनरी घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचली, आणि हळूहळू प्रोग्राम लिहायला लागले. कॉलेज नाही, डिग्री नाही. डाळमिलवाले, शाळा, ठिबकची दुकानं, सगळ्यांना "अक्काकडे जा" म्हणून कुणीतरी धाडायचं. आता हात आवरता घेतलाय. दिवाळी अंकवाल्यांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं, "पण लोकांना समजेल असं." म्हटलं, तुलाच समोर बसवते. तुला समजलं तर खानदेशात सगळ्यांना समजेल. रागावू नकोस, चिवडा घे.

तुला एकच काम सांगते. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचं.

मंडळाची दोन ठाणी, एक जळगावला, एक धुळ्याला. मुलामुलींची माहिती फोनवरच्या फॉर्ममधून यायची. जळगावचा फॉर्म मी केलेला, धुळ्याचा नानांनी. नाना म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी हा उद्योग माझ्यासारखाच स्वतःचा स्वतः शिकून घेतला होता, पण माणूस चित्रकलेचा, म्हणून फॉर्ममध्ये दर आठवड्याला नवा चौकोन काढायचा. आज "वाहन", उद्या "छंद". दर रविवारी त्यांची फाईल माझ्याकडे यायची, माझा प्रोग्राम ती वाचायचा, आणि मुलगा-मुलगी मंडळाच्या यादीत लागायचे.

ती फाईल ज्या रीतीनं लिहिलेली असते तिला जेसन म्हणतात. घाबरू नकोस, सोपं आहे. महिरपी कंस असतो. त्याच्या आत डावीकडे खणाचं नाव, मध्ये दोन टिंबं, उजवीकडे मजकूर. नाव, मग टिंबं, मग हर्षाली. उंची, मग टिंबं, मग आकडा. आणि गंमत अशी की एखाद्या खणात पुन्हा महिरपी कंस असू शकतो, त्याच्या आत त्याचे स्वतःचे खण. डब्यात डबी म्हण. आमच्या फॉर्ममध्ये अशी एक आतली डबी होती, तिचं नाव "अपेक्षा".

आता प्रोग्रामला ही फाईल नुसती वाचून चालत नाही. त्याला ती आपल्या साच्यात ओतावी लागते. साचा म्हणजे आपला मिसळणाचा डबा. हळदीची वाटी, तिखटाची वाटी, मोहरीची वाटी, ज्याचं त्यानं आपल्या वाटीत बसायचं. हे फार चांगलं असतं बरं का. एका गृहस्थांनी मुलाची उंची लिहिली, "पाच आठ, बूट घालून पाच नऊ." उंचीच्या वाटीत फक्त आकडा बसतो, म्हणून प्रोग्रामनं तो अर्ज परत धाडला. गृहस्थ ऑफिसात येऊन भांडले की लग्नात बूट घालणारच आहे. मी म्हटलं, पळवतात काका ते.

तर नाव, उंची, शिक्षण या बाहेरच्या वाट्या ठीक होत्या. चूक केली ती आतल्या डबीची. "अपेक्षा" मीच उघडली आणि तिच्याही चार वाट्या केल्या: वय, शिक्षण, गाव, व्यवसाय. मला वाटलं, माणसाच्या अपेक्षा असून असून किती असणार? चार पुष्कळ झाल्या.

पहिले काही महिने माझा प्रोग्राम शहाणा होता. ओळखीचा नसलेला खण दिसला की जागच्या जागी अडायचा, पुढे सरकायचाच नाही. नानांनी "वाहन" वाढवलं, अडला. "छंद" वाढवला, अडला. हे बाहेरचे खण. दर रविवारी मी जेवणावरून उठून त्यांची वाटी करायची, नानांना फोन लावायची.

"नाना, सांगून तरी करत जा."

"अक्का, माले काय म्हाईत तुन्ही मशीन इतकी नाजूक शे ते," असं नाना म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी नवा चौकोन.

शेवटी कंटाळून मी प्रोग्रामात एक ओळ घातली. ओळखीचं नसेल ते सोडून दे, पुढे चल. एवढीशी ओळ. तेव्हापासून रविवारी मला दुपारी झोप लागायला लागली. आणि चार वाट्यांत जे बसलं तेवढंच पुन्हा लिहून प्रोग्राम यादीत ठेवायचा, मूळ फाईल पुसून टाकायचा. घर नीटनेटकं ठेवायची सवय गं, दुसरं काय.

आता हर्षाली. पहूरची मुलगी, बोदवडच्या शाळेत गणित शिकवते. वडील नाहीत, भाऊ नाही, घरात ती आणि आई. मामा धुळ्याला, म्हणून तिचा फॉर्म धुळ्याहून भरला गेला. स्थळ आलं फैजपूरचं. योगेश नाव, घरचा केळीचा बाग आणि केळी पिकवायचं चेंबर. पोह्यांचा कार्यक्रम छान झाला. त्यांच्या घरात शब्द चालायचा आत्याचा, तर आत्यांनीही दोनदा पोहे घेतले. साखरपुड्याची बोलणी करायला हर्षाली आणि तिचा मामा फैजपूरला गेले. घर दाखवून झालं. हर्षालीनं साधेपणानं विचारलं, "आणि आईची खोली कोणती?"

आत्या म्हणाल्या, "कोनाची आई?"

चौथ्या दिवशी सगळे मंडळाच्या ऑफिसात. मंडळाचे अध्यक्ष आबा मध्ये बसलेले, एका बाजूला आत्या आणि योगेश, दुसऱ्या बाजूला हर्षाली. मला रेकॉर्ड दाखवायला बोलावलेलं.

"आम्हाले कोनी सांगतलंच नाही," आत्या म्हणाल्या. "पोरीनं लपवलं. साखरपुडा होईस्तोवर गप्प बसायचं आन मंग आई आनून बसवायची. आमी काय येडे हावोत?"

"मी लिहिलं होतं," हर्षाली म्हणाली. "फॉर्ममध्ये 'माझी अट' असा चौकोन होता. तिथेच लिहिलं होतं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिचं पान उघडलं. वय, शिक्षण, गाव, व्यवसाय. चारच. अट कुठेच नाही.

आणि इथे मी जे बोलले ते मला अजून टोचतं. मी म्हटलं, "इथे नाही म्हणजे लिहिलं नसेल. मशीन खोटं बोलत नाही."

हर्षाली माझ्याकडे बघत राहिली. मग एकदा योगेशकडे बघून थांबली, जणू तो काही बोलेल. योगेश मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होता. नवरीनं करायचं ते काम तो करत होता.

मंडळाचा नियम असा की माहिती लपवली तर नाव यादीतून कमी करायचं आणि दोन्ही ठाण्यांना कळवायचं. समाज केवढा? धुळे ते बोदवड सगळे एकमेकांचे व्याही. एकदा "माहिती लपवणारी" हा शिक्का बसला की त्या मुलीला पुढे कुणी पोहे सोड, पाणीही विचारलं नसतं. आबांनी तिला रविवारपर्यंत मुदत दिली. ती उठली, दारात थांबली आणि म्हणाली, "अक्का, मला त्यातला शब्द न् शब्द पाठ आहे." एवढंच बोलली. रडलीबिडली नाही. गणिताची बाई ती.

मी घरी आले, भात लावला आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत सहज प्रोग्राम उघडला. तीच ओळ समोर. ओळखीचं नसेल ते सोडून दे. मला आठवलं, "माझी अट" हा चौकोन नानांनी वाढवलेला, आतल्या डबीत, पाचवा. माझ्याकडे त्याला वाटीच नव्हती. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या मला माहीत नाही, पण त्या दिवशी भाताची पेज झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं धुळं गाठलं. नाना अंगणात रांगोळीचे ठिपके मोजत होते. मी विचारलं, "मला पाठवलेल्या जुन्या फायली आहेत का?"

"मेलमधल्या पुसी टाकेल शे. जागा भरस ना."

मी तिथेच ओट्यावर बसले. नाना म्हणाले, "कसाले घाबरस? कॉम्प्युटरवर बठ्ठं शे."

बठ्ठं, म्हणजे सगळंच होतं खरं. नानांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मागचा फोटो दिसत नव्हता, इतक्या फायली. नावं काय, "नवीन", "नवीन नवीन", "अक्काले धाडेल", "अक्काले धाडेल २", "खरंच शेवटचं", "त्याना नंतरनं". मी दुपारपर्यंत एकेक उघडत होते. नानांच्या सूनबाईंनी मध्येच शेवभाजी आणि भाकरी समोर आणून ठेवली. डावा हात माउसवर, उजवा भाकरीवर. आणि सापडली. "अक्काले धाडेल ७" मध्ये हर्षाली होती, तिच्या कंसात "अपेक्षा", त्या कंसात पाचवा खण, आणि त्यात तिचा मजकूर, पूर्ण.

ती एकटी नव्हती बरं का. फाईलभर लोकांच्या अटी होत्या, ज्या माझ्या प्रोग्रामनं गुपचूप केरात टाकल्या होत्या. एकीनं लिहिलेलं, "घोरणारा चालेल, पण कबूल करणारा हवा." एका मुलानं लिहिलेलं, "मला स्वयंपाक येतो, हे माझ्या आईला सांगू नये." मी हसत होते आणि लाजतही होते.

जळगावला येऊन आबांना सांगितलं. आबा काटेकोर माणूस. म्हणाले, "नानांच्या कॉम्प्युटरवर काय आहे ते मला नको. मंडळाच्या रेकॉर्डमध्ये दिसलं पाहिजे. जिथे सगळ्यांचं दिसतं, तिथे." बरोबरच होतं त्यांचं. आणि रविवारला उरले चार दिवस.

सोपा उपाय होता, पाचवी वाटी करायची. पण नाना आहेत, तोवर सहावी आणि सातवी येणारच. मग मला आपल्या घरातली रीत आठवली. तुझी आजी काळ्या मसाल्याची पुडी बांधून तुझ्या आईला धाडायची. बाहेर नाव, गाव. ती पुडी वाटेत कुणी सोडून "यात धणे किती, खोबरं किती" असं वेगळं काढून पुन्हा बांधत नसे. ज्याच्या घरी जायची, तोच सोडणार. अपेक्षा ही माझ्यासाठी पुडीच होती. मला ती वाचायची गरजच नव्हती, पोचवायची होती. तेव्हा ठरवलं, बाहेरच्या वाट्या बाहेर. आतली डबी मात्र उघडायची नाही. तिचा कंस सुरू होतो तिथपासून संपतो तिथपर्यंत जसाच्या तसा मजकूर उचलायचा आणि एका मोठ्या वाटीत ठेवायचा.

बोलायला सोपं. प्रोग्राम सवयीचा गुलाम असतो, त्याला पुडी दिसली की सोडायचीच असते. पहिला प्रयत्न माझा असा की कंस मोजायचे. उघडला एक, मिटला एक, हिशेब जुळला की थांबायचं. छान चाललं, आणि एका मुलाशी अडलं. त्यानं लिहिलं होतं "मुलगी हसतमुख हवी", आणि पुढे हसरा चेहरा म्हणून दोन टिंबं आणि एक मिटता महिरपी कंस. माझ्या प्रोग्रामला वाटलं डबी संपली. बिचाऱ्याच्या हसण्यावर त्याची अपेक्षा कापली गेली.

मग कंस मोजणं सोडलं. प्रोग्रामात फाईल वाचण्याचं काम जो मुरलेला भाग करतो, त्यालाच विचारलं, बाबा रे, तुझ्या मते डबी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, तेवढं सांग, कापते मी. त्यानं जागा सांगितली, मी कापलं, तर भलत्याच ठिकाणी. अर्धं अक्षर इकडे, अर्धं तिकडे. एक दिवस त्यात गेला. कारण असं निघालं की तो घरं मोजत होता आणि मी अक्षरं. इंग्रजी अक्षराला मशीनमध्ये एक घर लागतं, आपल्या "क"ला तीन. आपली लिपी ऐसपैस राहते. मोजमाप एक केलं आणि शनिवारी दुपारी पहिल्यांदा "अपेक्षा" जशीच्या तशी, रिकाम्या जागांसकट यादीत उतरली. नानांच्या सगळ्या फायली मी पुन्हा त्यातून काढल्या. ती ओळही खोडली.

रविवारी दुपारी ऑफिसात पुन्हा तेच सगळे, शिवाय धुळ्याहून नाना, इस्त्रीचा सदरा घालून. मी उभी राहिले आणि आधी माझं सांगून टाकलं. चूक मुलीची नाही, माझी. मजकूर आला होता, माझ्या प्रोग्रामनं तो टाकला, कारण मीच त्याला तसं शिकवलं होतं.

आत्या म्हणाल्या, "आता अक्का म्हनतीन तसं. चार दिसात काय घालता नाही येत का त्यात?"

शंका रास्त होती. आबाही माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मी हर्षालीला कोरा कागद दिला. म्हटलं, "तू म्हणालीस, शब्द न् शब्द पाठ आहे. लिही." तिनं कोपऱ्यात बसून लिहिलं, घडी केली आणि कागद आत्यांच्या हातात दिला. मग मी नानांच्या हातची मूळ फाईल आणि मंडळाचं पान शेजारीशेजारी उघडलं, आणि आबांनी मोठ्यानं वाचलं:

"माझे वडील नाहीत. आई माझ्यासोबत राहील. पाहुणी म्हणून नाही, घरची म्हणून. तिचा खर्च मी करीन. हे मान्य असेल तरच पुढे यावे, नसेल तर राग नाही."

आत्या कागदावर बोट ठेवून एकेक शब्द जुळवत होत्या. "पाहुणी म्हणून नाही" पाशी बोट थांबलं, मग पुढे सरकलं. शेवटाला आल्या आणि कागद मांडीवर ठेवला.

"बरोबर हाये," म्हणाल्या. "शब्दबी हालला नाही." मग मला म्हणाल्या, "म्हंजे तुमचं मशीन खोटं बोललं."

"नाही आत्या. गप्प बसलं. मी बसवलं होतं."

"त्येच वाईट," आत्या म्हणाल्या. मग हर्षालीकडे वळल्या. "पोरी, मी तुले नाही नाही ते बोलले. मनात ठेवू नको. तुह्या आईले एक काय, दोन खोल्या देऊ. उद्या सुपारी फोडू."

आबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मलाही वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

हर्षाली म्हणाली, "आत्या, तुमचा राग बरोबर होता. तुमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पण यांना मी पोह्यांनंतर फोनवर विचारलं होतं, माझी अट वाचलीत ना? ते म्हणाले, हो, सगळं वाचलं. त्या दिवशी मला इथे खोटारडी म्हटलं, तेव्हा हे नुसते एवढं म्हणाले असते की 'ती मला अटीबद्दल बोलली होती', तरी पुरलं असतं."

योगेश म्हणाला, "मला वाटलं, उंची वगैरे असेल."

"असेल," ती म्हणाली. "पण मला हे स्थळ नको."

आत्यांनी भाच्याकडे असं पाहिलं की कच्ची केळी चेंबरशिवाय पिकली असती. "घरी चाल," म्हणाल्या, "तुह्या बापाले सांगते." योगेश उठून जिना उतरला. आत्या त्याच्यामागे गेल्या नाहीत. माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "अक्का, त्या पोरीचं ते लिवलेलं मले कागदावर काढून द्या. जसं हाये तसं."

मी छापून दिलं. त्यांनी चार घड्या करून बटव्यात ठेवलं. कशाला, ते सांगितलं नाही, आणि त्या बटव्याकडे बघून विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढचं मला जामनेरच्या एका बाईकडून कळलं. आत्या तिच्या लहानपणच्या मैत्रीण. एके दिवशी सकाळी न सांगता तिच्या घरी गेल्या. तिचा मुलगा कापसाच्या जिनिंगवर मॅनेजर, लग्नाचा. बाईंनी चहा टाकला तर आत्या म्हणाल्या, राहू दे. आधी तुझ्या पोराला बोलव. तो आला, तर बटव्यातून कागद काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. आईसमोर." त्यानं वाचलं. म्हणाल्या, "पुना वाच." त्यानं पुन्हा वाचलं. मग विचारलं, "मान्य?" तो म्हणाला, "एवढं स्पष्ट लिहिणारी आहे, म्हणजे पुढे भांडण कमी होतील." आत्या म्हणाल्या, "भांडन तं व्हतीनच. पन आता चहा आन."

हर्षालीनंही होकार दिला, आणि त्या लग्नात आत्या मुलीकडच्या पंगतीत बसल्या होत्या. हर्षालीची आई आता जामनेरला असते. तिची खोली पुढच्या बाजूला आहे, रस्ता दिसतो. परवा मी गेले होते तर विहीणबाई आणि ती, दोघी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीत मीठ किती यावरून तावातावानं बोलत होत्या. मला बघून दोघी एकदम म्हणाल्या, "अक्का, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, मी नाही मध्ये पडणार.

तुला त्यांना भेटायचंय ना? मग चार महिन्यांचे पुन्हा सहा करू नकोस. आईलाही घेऊन ये, म्हणजे मी काय करत होते ते तिलाही जामनेरलाच कळेल. इथून दीड तासाचा रस्ता, सकाळच्या गाडीनं तिघी जाऊ. लवकर ये गं, वांगी चांगली यायला लागलीत, भरीत करू.